दप्तरातून गळालेले प्रकरण

(इंदूर येथील मराठी साहित्यरसिकांच्या वार्षिक मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपदाचा बहुमान दिल्याबद्दल आभार मानण्याची वहिवाट आहे आणि ती मी मनःपूर्वक पाळतो. परंतु आभाराचे चार शब्द संपले की श्रोत्यांच्या कानांना गोड लागेल तेवढेच बोलावे आणि शाल-श्रीफळ सांभाळीत खुर्चीवर जाऊन बसावे, अशी जी दुसरी एक वहिवाट आपल्या सभासंमेलनांत कोणाच्या हुकुमावाचून रूढ होऊन बसली आहे, ती पाळण्याचे बंधन मी स्वतःवर घालून घेतलेले नाही. ज्यांना गोडच ऐकावयाचे असेल त्यांच्यासाठी सायंकाळी नाट्यगीतांचा कार्यक्रम आहे.

आज सकाळपासून माळव्यातील मराठी वारसा या विषयावर भाषणे झाली. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या घाटांचे आणि धर्मशाळांचे वर्णन झाले, पहिल्या मल्हाररावांच्या घोडदौडीचे झाले, होळकरांच्या आश्रयाने वाढलेल्या क्रिकेटचे आणि कर्नल सी. के. नायडूंच्या षट्कारांचे झाले, उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गायकीचे झाले, सराफ्यातल्या खाऊगल्लीचेही झाले. मात्र ज्या धुराड्यांच्या बळावर हे गाव शहर झाले त्या कापडगिरण्यांचा उच्चार दिवसभरात एकदाच झाला, आणि तोही असा की, लाल बावटा, म्हणजे कम्युनिस्ट चळवळ, ही माळव्याच्या जमिनीला न मानवणारी परकी लावणी होती. ती आली, गिरण्या बुडवून गेली, आणि जाता जाता साहित्यालाही प्रचाराची कीड लावून गेली. एका विद्वान वक्त्यांच्या या वाक्यावर टाळ्या पडल्या, आणि पुढच्या रांगांतून त्या अंमळ अधिक पडल्या. माझे भाषण हे त्या टाळ्यांना उत्तर आहे.

मी कोणत्याही पक्षाचा वकील नाही, आणि ज्या चळवळीची बाजू मी मांडणार आहे तिच्या पदरात चार कडू गोष्टीही घालणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, या प्रदेशात डाव्या चळवळी उदयास आल्या, याचे कारण येथल्या माणसांच्या फिर्यादी येथल्या कोणत्याच दप्तरात दाखल होत नव्हत्या. दरबाराच्या नाही, सावकाराच्या नाही, आणि सुशिक्षितांच्या सभांच्याही नाही. या फिर्यादी लिहून घेण्याचे काम ज्या साहित्याचे होते, त्या आपल्या मराठी साहित्याने ते केले नाही. आता तीच चळवळ परकी होती असे म्हणणे म्हणजे घरातले प्रकरण दप्तरातून गाळून पुन्हा ते घरचे नव्हतेच असा दाखला देणे होय.

प्रथम प्रकरण काय होते ते पाहू. दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत होळकर दरबाराने स्वतःची वाफेवर चालणारी कापडगिरणी इंदुरात उभारली, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालवा मिल, हुकुमचंद मिल, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, नंदलाल भंडारी अशा गिरण्यांनी शहराचा सारा ईशान्य बाजूचा मुलूख भरून गेला. अवध-बुंदेलखंडाकडून आलेले लोक, खानदेशाकडून आलेली मराठी कुटुंबे, निमाडातले आणि खुद्द माळव्यातले शेतीतून उठलेले लोक यांच्या वस्त्या परदेशीपुरा, पाटनीपुरा, मालवा मिल अशा नावांनी वसल्या. त्या वस्त्यांचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली, खिडक्या लावून घेतलेल्या, आणि शेकडो साच्यांचा खडखडाट इतका की शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी बोलावयाचे ते ओठांच्या हालचालीने आणि हातवाऱ्यांनी. पाळी सुटून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या भुवयांवर आणि कानांच्या कडांवर कापसाचे तूस बसलेले. बदली कामगाराची दशा याहून बिकट. त्याने भोंग्याच्या आधी फाटकाशी येऊन उभे राहावे, कोणाचा खाडा पडला आणि जॉबरची, म्हणजे भरती करणाऱ्या मुकादमाची, मर्जी असली तर आत जावे, नाही तर रिकाम्या हाताने घरी परतावे. आणि घरी परतल्यावर त्या दिवसाचा रोज का बुडाला हे बायकोला कसे समजवावे, याची तालीम वाटेत करावी.

या माणसाने फिर्याद करावी कोणाकडे? ब्रिटिश मुलखातला फॅक्टरी कायदा संस्थानाच्या हद्दीत आपोआप लागू होत नसे. गिरणीमालक दरबारात मानाच्या खुर्चीवर बसत. ज्या राष्ट्रीय सभेकडे सारा देश आशेने पाहत होता, तिने १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात, संस्थानांतील लढे काँग्रेसच्या नावाने न चालविता तेथील प्रजेने आपल्या स्वतंत्र संघटनांच्या द्वारा चालवावेत, असा ठराव केला. येथे तात्यासाहेब सरवटे यांच्यासारख्या निःस्पृह पुरुषांनी प्रजामंडळाचे काम केले, आणि त्यांच्यापुढे माझे मस्तक नम्र आहे; परंतु जबाबदार राज्यपद्धती हे प्रजामंडळाचे पहिले मागणे होते, बदली कामगाराचा बुडालेला रोज हे नव्हते. अहमदाबादच्या मजूर महाजनाच्या वळणावर येथे गांधीवादी मजूर संघटना उभी राहिली, व्यं. वि. द्रविड यांच्यासारखे चारित्र्यवान कार्यकर्ते तिला लाभले, आणि तिने कामगारांचे भलेही केले. परंतु मालक हा विश्वस्त आहे हा तिचा सिद्धान्त, मालकाचा तसा अनुभव न आलेल्या माणसाला पटविणे कठीण होते. या पोकळीत लाल बावटा शिरला. ग्वाल्हेरात चाळीसच्या दशकात गिरणीकामगारांच्या मोर्च्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा संस्थानी राजवटीचे रयतेशी असलेले नाते किती पितृवत् आहे, याचा दाखलाही सर्वांना मिळाला.

पुढची आठ वर्षे या प्रदेशाच्या इतिहासात विलक्षण आहेत. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य स्थापन झाले आणि होळकर-शिंद्यांच्या गाद्या, ज्यांनी एकमेकींशी दीडशे वर्षे उभा दावा मांडला होता, त्या एका नकाशात आल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारतही विसर्जित होऊन मध्य प्रदेशात मिळाला आणि राजधानी भोपाळास गेली. आपल्या वाड्यांत या काळात शोक झाला तो दरबाराच्या नोकऱ्यांचा, मानाच्या पोशाखाचा आणि मराठी दप्तर बंद झाल्याचा. तो खोटा नव्हता. परंतु परदेशीपुऱ्यातल्या माणसाच्या दृष्टीने फाटकावरचा जॉबर तोच होता, मुनीम तोच होता, आणि बदलले होते ते एवढेच की त्याच्या हातात आता मतपत्रिका आली होती. त्या मतपत्रिकेचे त्याने काय केले? १९५७ मध्ये त्याने होमी दाजी यांना विधानसभेत पाठविले, आणि १९६२ मध्ये, अपक्ष म्हणून उभ्या असलेल्या याच कम्युनिस्ट पुढाऱ्याला लोकसभेत पाठविले. त्यांच्या विरुद्ध काँग्रेसचे उमेदवार होते रामसिंहभाई वर्मा, म्हणजे गिरणीतल्या मान्यताप्राप्त संघटनेचे पुढारी. १९६० च्या मध्य प्रदेश औद्योगिक संबंध कायद्यान्वये मालकाशी बोलणी करण्याचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेला असे, आणि ती संघटना काँग्रेसच्या छत्राखालची होती. ज्याला कायद्याने कामगारांच्या वतीने बोलण्याची मुभा नव्हती त्याला कामगारांनी देशाच्या संसदेत बोलावयास पाठविले, यापेक्षा स्पष्ट कैफियत कोणत्या रयतेने कधी दाखल केली होती?

आणि हे केवळ गिरणीच्या भिंतीआड घडले असे नव्हे. झाबुआ जिल्ह्यात बामनिया येथे मामा बालेश्वर दयाल या समाजवादी पुरुषाने वेठबिगार आणि दारू यांच्या विरुद्ध भिल्लांना उभे केले. दाजी मार्क्सवादी, मामा समाजवादी. दोघांचे पक्ष एकमेकांना पाण्यात पाहत. तरीही दोघांचे बळ एकाच ठिकाणाहून येत होते: ज्याचे म्हणणे कोणी लिहून घेत नव्हते त्याच्या ओसरीवर हे दोघे जाऊन बसले.

आता परकेपणाचा आरोप घेऊ. दाजी पारशी होते, मुंबईत जन्मले होते, आणि मार्क्स जर्मन होता, एवढ्यावरून चळवळ परकी ठरत असेल, तर विद्वान वक्त्यांनी ज्या नायडूंवर स्तुतिसुमने उधळली ते ज्या खेळात षट्कार मारीत होते तो खेळ माळव्यातल्या कोणत्या शेतात उगवला होता? आपली कादंबरी, आपले वृत्तपत्र, ज्या ध्वनिक्षेपकावरून ही परकेपणाची निर्भर्त्सना झाली तो ध्वनिक्षेपक, यांचे माहेर कोठले? रशियाचे नाव घेतले की ज्यांच्या अंगावर काटा येतो त्यांना मी आठवण करून देतो की, १९४२ साली आपल्या महाराजा यशवंतराव होळकरांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात अमेरिका आणि चीन यांच्या जोडीला रशियानेही मध्यस्थी करावी असे सुचविले होते. महाराज बावटेवाले नव्हते. ते केवळ आपल्यापेक्षा अधिक निर्भय होते.

दुसरे असे की, मराठी मनाला डावा विचार परका असता तर या देशातील त्या चळवळीच्या पहिल्या पिढीत डांगे, घाटे, मिरजकर, अधिकारी ही नावे इतक्या दाटीने का आली असती? १९२८ च्या मुंबईच्या प्रचंड संपातून गिरणी कामगार युनियन कोणत्या भाषेत बोलत बाहेर पडली? शेतकरी कामगार पक्ष, वारल्यांचा उठाव, क्रांतिसिंह नाना पाटील, अण्णा भाऊंचे आणि अमर शेखांचे लाल बावटा कलापथक, हा सारा इतिहास मराठीतच घडला. आणि महू छावणीत, येथून घटकाभराच्या वाटेवर, १८९१ साली जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारविरोधी विधेयकाविरुद्ध जो एक दिवसाचा संप घडवून आणला, त्यात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा खांद्याला खांदा लावून उभे होते. महूच्या स्मारकावर आपण दर वर्षी पुष्पहार घेऊन जातो. तो हार घालताना या तारखेचे स्मरण ठेवावे.

परंतु माझा सगळ्यांत बळकट पुरावा दूर मुंबईत नाही, इंदूरच्या रस्त्यावर आहे. अनंतचतुर्दशीच्या रात्री या शहरात जो झांकींचा, म्हणजे रोषणाईच्या देखाव्यांचा, चल समारोह निघतो, ज्यासाठी गावोगावचे लोक रात्रभर रस्त्याच्या कडेला बसून राहतात, तो कोणी उभा केला? गिरण्यांच्या कामगारांनी. लोकमान्यांनी जो गणपती चौकात आणला, त्याला हुकुमचंद, मालवा, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी या गिरण्यांच्या कामगारांनी दिव्यांच्या रथावर चढविले, आणि गिरण्या बंद होऊन एक पिढी लोटली तरी, पगार नाही, भोंगा नाही, अशा स्थितीत, त्याच गिरण्यांच्या नावाने वर्गणी गोळा करून कामगार अजूनही झांक्या काढीत आहेत. बंद गिरणीच्या आवारात पत्र्याच्या आडोशाखाली साठी-सत्तरी उलटलेली माणसे वायरींना फीत गुंडाळीत बसलेली असतात, एक जण फळीला खिळे मारतो, दुसरा बल्बांची माळ पेटते की नाही हे पाहतो, आणि त्यांतले कित्येक एके काळी लाल बावट्याखाली घोषणा देत मोर्च्याने चाललेले असतात. ज्याच्या हातात बावटा होता त्याच्याच हातात आरती होती. आपण मात्र आरती तेवढी वारशात जमा धरली आणि बावटा खर्ची टाकला.

गिरण्या बावट्याने बुडविल्या, हा दुसरा आरोप. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप लांबला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे संसार उघड्यावर आले, हे खरे. परंतु त्याचे पुढारी दत्ता सामंत लाल बावट्याचे नव्हते, आणि इंदुरात तसा संप झालाही नव्हता. येथे गिरण्या बुडाल्या त्या कशाने? मालकांनी नफ्याच्या काळात नफा उचलला आणि साचे बदलले नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या तपांतली यंत्रे शेवटच्या तपापर्यंत चालली. इंदूरच्या मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी या तिन्ही गिरण्या आजारी ठरून १९७४ च्या कायद्याने सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाच्या हवाली झाल्या होत्या, म्हणजे त्या तेव्हाच डबघाईला आलेल्या होत्या. पुढे १९८५ च्या वस्त्रधोरणाने यंत्रमागाला मोकळे रान मिळाले, ज्यावर गिरणीचे कायदे लागू नाहीत अशा शेडींतले कापड स्वस्त पडू लागले, आणि गिरणीच्या जमिनीला कापडापेक्षा अधिक भाव आला. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपये मंजूर होऊन ती रक्कम २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्त करण्यात आली. लाभार्थी होते सुमारे ४,८००. तीन दशके! त्या अवधीत ज्यांचे निधन झाले त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी हा लढा तारखेमागून तारीख, मेळाव्यामागून मेळावा असा चालविला. गिरणी बुडविणारे हात हे असतील, तर ती उभारून वाऱ्यावर सोडणाऱ्या हातांना आपण कोणते नाव देणार आहोत?

इथवर ज्यांनी माना डोलविल्या त्यांनीही आता सावध बसावे, कारण बावटेवाल्यांचा ताळेबंद मांडल्यावाचून मी पुढे जाणार नाही. १९४२ च्या ऑगस्टात सारा देश 'चले जाव' म्हणत असता कम्युनिस्ट पक्षाने लोकयुद्धाची, म्हणजे इंग्रजांच्या युद्धाला साथ देण्याची, भाषा केली आणि ज्या जनतेच्या नावाने तो बोलत होता तिच्याच मनातून तो उतरला. १९६४ मध्ये तो दुभंगला, आणि गिरणीच्या एकाच फाटकावर दोन लाल बावटे एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. १९७५ च्या आणीबाणीला दाजींच्या पक्षाने पाठिंबा दिला. ज्यांनी जन्मभर मुस्कटदाबीविरुद्ध आवाज केला त्यांनी मुस्कटदाबीला मान्यता दिली, आणि १९७७ मध्ये इंदूरने समाजवादी कल्याण जैन यांना निवडून दिले. या तीन चुका राजकारणाच्या होत्या.

चौथी चूक मला अधिक खोल वाटते. मुंबईच्या गिरण्यांत, तुटलेले सूत तोंडाने ओले करून जोडावे लागते म्हणून, अस्पृश्य मानलेल्या कामगाराला साचेखात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या कामावर, प्रवेश नव्हता. सवर्ण कामगाराच्या तोंडचे सूत चालत होते, महाराच्या तोंडचे बाटत होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी तो मागण्यांत घेतला खरा, परंतु नाइलाजाने घेतला, आणि पुढेही जातीचा प्रश्न क्रांतीनंतर आपोआप सुटेल या भरवशावर तो कोपऱ्यात ठेवला गेला. जगातल्या कामगारांना एक होण्याचे आवाहन करणाऱ्यांना एकाच गिरणीतली दोन खाती एक करता आली नाहीत, ही गोष्ट त्यांच्या पराभवाच्या कारणांत मी सर्वांत वर लिहीन. माणूस हा पगाराचा आकडा आहे असे मालकाने मानले म्हणून चळवळ उभी राहिली. चळवळीनेही काही अंशी तेच मानले म्हणून ती बसली. तिने सोडलेली जागा मग मोहल्ल्यामोहल्ल्यांत जाऊन, सणावारांत आणि सुखदुःखांत मिसळून दुसऱ्यांनी घेतली. भाजपच्या सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा याच शहरातून लोकसभेत गेल्या. राजकारणात मते न पटली तरी त्यांच्या कार्यकर्त्यांचा घरोघरचा राबता डाव्यांनी नाकारू नये, उलट आपला राबता का तुटला हे स्वतःस विचारावे.

राहिला तिसरा आरोप, साहित्याला कीड लागल्याचा. तो ऐकताना मला खेद झाला नाही, आश्चर्य वाटले. कारण ज्या सभागृहात तो झाला त्याच्या आसपासच, होळकर कॉलेजात, गजानन माधव मुक्तिबोध शिकले. १९३८ मध्ये ते येथून पदवीधर झाले. जळगावकडून ग्वाल्हेर संस्थानात आलेल्या या घरात मराठी बोलली जात होती. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र १९२१ मध्ये इंदुरातच जन्मले, आणि 'नवी मळवाट' या संग्रहाने त्यांनी मराठी कवितेला नवे वळण दिले. १९४३ च्या 'तार सप्तक' या युगप्रवर्तक संग्रहातल्या सात कवींत गजाननराव आणि प्रभाकर माचवे असे दोघे मराठी घरचे होते. १९४४ मध्ये याच इंदुरात मुक्तिबोधांच्या पुढाकाराने फॅसिझमविरोधी लेखकांचे संमेलन भरले आणि राहुल सांकृत्यायन त्याचे अध्यक्ष झाले. ज्या १९६२ साली इंदूरने दाजींना लोकसभेत पाठविले त्याच साली मुक्तिबोधांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. आणि दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, ते निवर्तले. या मातीतून निघालेला सर्वांत मोठा कवी डाव्या विचाराच्या आचेत तावून निघाला, ही कीड असेल, तर ती आपल्याही लेखण्यांना का लागली नाही, याची चिंता करावयास हवी.

मुंबईच्या मराठीला नारायण सुर्वे मिळाले, बाबूराव बागूल मिळाले. ठाण्याच्या जंगलातल्या वारल्यांवर गोदावरीबाई परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिले. इंदूरच्या गिरणीवर, येथल्या साचेखात्यावर, परदेशीपुऱ्यातल्या मराठी घरावर लिहिलेली एकही मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. आपल्यापैकी कोणाच्या असेल तर त्यांनी आता उभे राहून तिचे नाव सांगावे, मी थांबतो. कोणी उठत नाही. १९१७ मध्ये येथे मराठी साहित्य संमेलन भरले, १९३५ मध्ये भरले, २००१ मध्ये भरले. १९३५ च्या संमेलनाचे अध्यक्ष स्वतः एक संस्थानिक होते, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी; आणि त्यांनी पुढे १९३९ मध्ये आपले राज्य रयतेच्या हाती सोपविले. सिंहासनावर बसलेल्या माणसाला जे कळले ते खुर्च्यांवर बसलेल्या आपल्याला कळू नये?

मी जुन्या मढ्यांवर भांडत आहे असे कोणाला वाटेल, तर त्याने आपल्या घरातला नळ उघडून पाहावा. १९७० मध्ये नर्मदेचे पाणी इंदुरास आणण्यासाठी जे आंदोलन झाले त्यात डाव्या-उजव्यांचा भेद उरला नव्हता, आणि त्याच्या जोरावर जलूदहून उपसलेले पाणी आपण आज पितो. त्याच नर्मदेच्या काठी बडवानी जिल्ह्यात सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतले लोक मेधाताई पाटकरांबरोबर चार दशके लढत आहेत, आणि त्यांची आपण 'विकासविरोधी' एवढीच नोंद केली आहे. २०१७ पासून आपले शहर देशात सर्वांत स्वच्छ ठरत आले. पहाटे चार वाजता हे शहर कोणत्या जातीचे हात झाडतात आणि ते कायम नोकरीत आहेत की मक्तेदाराकडे, हे विचारण्याचे कष्ट आपल्यापैकी किती जणांनी घेतले? २०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडमधला ३३७ टन विषारी कचरा पीथमपुरात आला तेव्हा तेथले लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्यापुढे कोणताच झेंडा नव्हता. आणि २०२४ च्या निवडणुकीत इंदूर मतदारसंघात 'यांपैकी कोणीही नाही' या बटणावर २,१८,६७४ मते पडली. ती कोणाच्या सांगण्यावरून पडली यावर वाद घालता येईल. परंतु ज्या शहराने एके काळी आपली कैफियत माणूस निवडून मांडली त्याच्या इतक्या मतदारांना ती रिकाम्या रकान्यात मांडावी लागली, या गोष्टीवर वाद नाही. बावटा उतरला म्हणून फिर्याद निकालात निघाली असे मानणे हा कारकुनी आळस आहे. तिला दप्तरात जागा न मिळाल्यास ती उद्या कोणत्या रंगाखाली उभी राहील हे मी सांगू शकत नाही, आणि तो रंग आपल्याला आवडेलच असेही नाही.

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी तीन सूचना रीतसर मांडतो आणि त्या इतिवृत्तात नोंदवाव्यात अशी चिटणीसांस आज्ञा करतो. एक: गिरण्यांत काम केलेले जे स्त्रीपुरुष आज हयात आहेत त्यांच्या जबान्या, त्या मराठीत असोत, मालवीत असोत वा हिंदीत, ध्वनिमुद्रित करून त्यांचे मराठी पुस्तक या संस्थेने काढावे, आणि त्यात लाल बावट्याच्या माणसाइतकीच जागा गांधीवादी संघाच्या आणि कोणत्याच संघात नसलेल्या माणसाला द्यावी. दोन: संघटनांची पत्रके, पगाराची पाकिटे, हजेरीची कार्डे, झांकींच्या वर्गणीच्या पावतीपुस्तिका, ज्या आज रद्दीच्या भावाने जात आहेत, त्या आपल्या ग्रंथालयात जमा कराव्यात. तीन: मुक्तिबोध बंधूंपैकी एक मराठीचा आणि एक हिंदीचा, अशी वाटणी करून आपण जो एक भाऊ परक्याच्या घरी पाठविला आहे, त्यास परत बोलवावे, म्हणजे पुढील वर्षाचे एक संपूर्ण सत्र दोघांवर ठेवावे.

या कामाला पैसा लागेल. शाली, श्रीफळे, पुष्पगुच्छ आणि सन्मानचिन्हे यांवरचा यंदाचा खर्च कोषाध्यक्षांनी मला दाखविला आहे; तो एक वर्ष वाचविला तरी पहिली जबानी घेण्यास पुरेसा आहे, आणि त्याचा आरंभ म्हणून माझ्या खांद्यावरची शाल मी येथेच परत करतो. ज्यांना हे भाषण अध्यक्षपदाला न शोभणारे वाटले असेल त्यांनी ते घरी जाऊन सांगू नये. खुल्या चर्चेचे सत्र अर्ध्या तासाने आहे, मी शेवटपर्यंत बसणार आहे, आणि सकाळी टाळ्या वाजविणाऱ्यांनी सर्वांत आधी आपली नावे नोंदवावीत अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.